पाहुण्याने कप हलवला नाही

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. रय्या तिचं नाव. तिने मला सगळं सांगितलं तेव्हा तिची नजर सारखी दाराकडे जात होती. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. मी त्या घरात राहून आलोय, मला हसू येत नाही.

ऑगस्ट महिना. दक्षिण किनाऱ्यावरच्या सलालाहून आमच्या गावी, मनाहला, परत येण्याचा वाळवंटी रस्ता. अदम गावाच्या अलीकडचा तो पट्टा, जिथे डाव्या हाताला काही नाही आणि उजव्या हाताला तर त्याहूनही काही नाही.

दोन गाड्या होत्या. पुढच्या पिकअपमध्ये रय्याचा धाकटा भाऊ मुसल्लम. मागच्या गाडीत रय्या आणि तिची आई झुवैना, म्हणजे माझी मावशी. गाडी रय्याच चालवत होती.

मुसल्लम मावशीचा एकुलता एक मुलगा. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि तिचा सगळा जीव या पोरात. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. पिकअपमध्ये सलालाचे नारळ, लोबान आणि नवरीसाठी घेतलेलं कापड भरलं होतं.

दुपारी वाटेतल्या घाबा गावी थांबून त्यांनी खजूर खाल्ले, थर्मासमधली कॉफी प्याले. आमच्यात पुरे झाली की रिकामा कप मनगटाने हलकेच हलवायचा. नाही हलवला तर वाढणाऱ्याने ओतत राहायचं. मुसल्लम काही हलवायला तयार नव्हता.

"अरे हलव की मेल्या! सगळा थर्मास एकटाच संपवतोस का?"

"पाहुण्याला पुरे म्हणू नये, आई."

"पाहुणा म्हणे! लग्न होऊ दे. बायकोच विचारेल, पाहुणे, कधी आलात आणि कधी जाणार?"

शेवटी त्याने असा काही कप हलवला की थेंब रय्याच्या अंगावर उडाले.

"गधड्या!"

"गधडं तू चालवतेस, ताई. मी पुढे होतो. तुमचं ते गाढव पोचेल तोवर माझी एक झोप झालेली असेल."

आणि तो धूळ उडवत गेला. मावशी बराच वेळ त्या धुळीकडे बघत बसली होती.

संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता.

तरी अंधारून आलं.

समोर डोंगरांच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालं. आधी वाऱ्याबरोबर वाळू आली, काचेवर सरसर सरसर. मग एक थेंब. मग दुसरा. आणि मग आभाळ फाटलं. वायपर जीव तोडून हलत होते, तरी समोरचं काही दिसेना. वीज चमकायची तेव्हा तेवढा रस्ता दिसायचा. पाणी चादरीसारखं पसरत चाललं होतं, कारण ती जमीन पाणी पितच नाही.

मुसल्लमचा फोन आला.

"ताई, हळू ये. पुढची कोरडी नदी भरून आलीये. लाल पाणी आहे नुसतं."

मावशीने फोन ओढून घेतला. "पाण्यात गाडी घालू नकोस! ऐकतोयस का? दरसाल कुणीतरी शहाणा गाडी घालतो आणि वाहून जातो."

"आई, मी चढावर थांबलोय. पाणी खाली लांब आहे. मला लग्न करायचंय, मी कशाला मरू?"

"शपथ घे."

"तुझी शपथ. गाडीतून उतरणारसुद्धा नाही. या तुम्ही, इथेच बसलोय."

मावशीच्या जिवात जीव आला. तिने थर्मास मांडीवर घेतला आणि तोंडातल्या तोंडात दुवा म्हणायला लागली.

वीज चमकली आणि तेव्हाच रय्याला तो दिसला.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारा बसला होता. हातात उंट हाकायची काठी. मांडी घालून, अगदी घरच्या चटईवर बसावं तसा...

रय्याने वेग कमी केला नाही.

"थांबव," मावशी म्हणाली.

"आई, अनोळखी माणूस आहे. आणि आपण दोघी बायका."

"असल्या पावसात वाटेवरच्या माणसाला टाकून जायचं? तुझ्या आजोबांनी तुला दारात उभं केलं नसतं. थांबव म्हणते ना!"

रय्याने गाडी थांबवली. मागचं दार उघडलं. तो आत येऊन बसला. दार लागलं.

आणि पावसाचा आवाज बंद झाला.

पाऊस बंद झाला नव्हता. काचेवर थेंब आपटत होते, वायपर हलत होते, वीजही चमकत होती. फक्त आवाज नव्हता... कशाचाच.

रय्याने आरशात पाहिलं. म्हाताऱ्याचे कपडे कोरडे होते. दाढी कोरडी. डोक्याचं फडकं कोरडं.

तिने गाडी पुढे काढली, कारण थांबून राहण्यापेक्षा मुसल्लमपर्यंत पोचावं असं तिला वाटलं.

मावशीचं मात्र सगळं रीतीने चाललं होतं. पाहुणा गाडीत असला तरी पाहुणाच. तिने मागे वळून विचारलं, "काय खबरबात, भाऊ?"

"खबर काही नाही. सगळं खुशाल."

"कुठून येताय?"

"पुढून."

"आणि जाताय कुठे?"

"पुढेच."

मावशी हसली. म्हातारा विनोदी आहे असं तिला वाटलं. तिने उजव्या हाताने कप भरून मागे दिला. त्याने घेतला, पण ओठांना लावला नाही. दोन सीटांच्या मधल्या फळीवर ठेवून दिला आणि हात मांडीवर घेतले.

आता हे आमच्यात सगळ्यांना कळतं. पाहुण्याने भरला कप खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचं आहे. जोवर घरचा माणूस 'दिलं' म्हणत नाही, तोवर तो पिणार नाही. आणि एकदा 'दिलं' म्हटलं की शब्द मागे घ्यायचा नसतो. जुनी माणसं त्यापायी उंट देऊन बसलीत, जमिनी देऊन बसलीत.

गाडी पाण्याखालच्या खड्ड्यातून दाणकन गेली. रय्याचं डोकं छताला लागलं.

फळीवरचा कप जागचा हलला नाही... आतली कॉफीसुद्धा नाही.

"प्या, भाऊ," मावशी म्हणाली. "दिलं."

"आई!" रय्या ओरडली. "आधी विचार तरी काय हवंय!"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतेय. आधी ऐकून घ्या, मुसल्लमच्या आई."

मुसल्लमचं नाव या माणसासमोर कुणी घेतलंच नव्हतं.

पण मावशीला ते खटकलंच नाही. तिला लागलं ते वेगळंच. ऐकून मग देणं म्हणजे तिच्या घराण्याला कमीपणा. बापाच्या दारातून कुणी कप तसाच ठेवून गेला नव्हता, ही तिची आयुष्यभराची मिरवायची गोष्ट.

"ऐकून देणारे आम्ही नव्हे," ती मान ताठ करून म्हणाली. "दिलं म्हटलं ना? प्या."

त्याने कप उचलला आणि एका घोटात प्याला.

"काही मोठं नाही," तो म्हणाला. "वाटेला सोबत हवी होती. एकट्याने कंटाळा येतो."

मावशीने सुटकेचा श्वास सोडला. "एवढंच ना? मग आहोत की आम्ही. अदमपर्यंत सोडतो."

"तुम्ही नाही..."

त्याने रिकामा कप पुढे केला. हलवला नाही. नुसता पुढे धरला.

आणि मावशीने तो भरला. इतक्या वर्षांची सवय हाताला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तिला सगळं कळलं होतं, तरी हात ओतत होता. रय्या सांगते की ते तिने आरशात पाहिलं आणि तिला आईला थांबवता आलं नाही.

त्याने दुसरा कप हातात घेतला.

लख्खकन वीज चमकली. पावसाचा सगळा आवाज एकदम गाडीत घुसला, कानठळ्या बसतील असा.

मागची सीट रिकामी होती.

दार बंद. सीट कोरडी. फळीवर कप... रिकामा.

मावशी किंचाळायला लागली. "मुसल्लमला फोन लाव! लाव आधी!"

रिंग जात होती. तो उचलत नव्हता. पुन्हा लावला, पुन्हा. रय्याने गाडी जमेल तेवढी पळवली. मावशी हात पसरून एकच बोलत होती, "परत घेते. शब्द परत घेते. ऐकतोयस का? परत घेते." कुणाला सांगत होती कोण जाणे.

चढावर पिकअप उभी होती.

जिथे सांगितलं होतं तिथेच, पाण्यापासून लांब. दिवे चालू, इंजिन चालू. नारळ, लोबान, कापड, सगळं जागच्या जागी. सीटवर फोन वाजत होता, पडद्यावर 'ताई' असं नाव.

गाडीचं दार उघडं होतं.

दाराखाली त्याच्या चपला ठेवल्या होत्या. मशिदीच्या पायरीवर ठेवतो तशा, नीट एकीला एक लावून.

तिथून चिखलात अनवाणी पावलं उतारावरून खाली गेली होती. पळालेल्या माणसाची नव्हती ती. घसरलेल्या माणसाचीही नव्हती. सावकाश, अंतरा-अंतराने पडलेली. आणि रस्त्याच्या एका बाजूने... शेजारी कुणी चालत असलं की आपण जागा सोडून चालतो ना, तशी.

शेजारच्या जागेत पावलं नव्हती.

पाण्याच्या कडेशी ती संपली. पुढे लाल पाणी, झाडंच्या झाडं वाहून नेणारं. मावशी त्यात उतरायला निघाली. रय्याने तिला कमरेला धरून मागे ओढलं, दोघी चिखलात पडल्या. तशाच पडून राहिल्या.

मुसल्लम सापडला नाही. पोलिसांनी शोधलं, गावच्या पोरांनी पात्रातली वाळू उपसली, वर हेलिकॉप्टर फिरलं. पाणी ओसरल्यावर तिथे शेळ्या सापडल्या, एका पडक्या घराचं दार सापडलं. तो नाही. सगळे म्हणाले, पोरगं पाणी बघायला खाली गेलं असेल, तरुण रक्त. मावशी म्हणाली, "नाही. मी दिला त्याला." लोकांना वाटलं दुःखाने बोलतेय.

सांत्वनाला आलेल्यांना कॉफी वाढायची असते. त्या दिवसांत मावशी भिंतीला टेकून प्रत्येकाच्या हाताकडे बघत बसायची. कुणी कप क्षणभर जरी खाली ठेवला तरी ओरडायची, "उचल! उचल तो!" शेवटी आम्ही तिला आतल्या खोलीत नेलं.

आता हे सगळं जुनं झालं. मुसल्लमच्या नवरीचं दुसरीकडे लग्न झालं. रय्याला मुलगी झाली, ती आता घरभर पळते. रय्याचा नवरा सैफ मस्कतला नोकरी करतो आणि दर आठवड्याला गाडीने घरी येतो. वाटेत दोन-तीन कोरड्या नद्या लागतात.

पण त्या घरात एक गोष्ट कुणी विसरत नाही. पहिल्या कपाला मुसल्लम गेला. दुसरा कप म्हाताऱ्याने मागितला, तो भरला गेला आणि रिकामा झाला.

तोही हलवलेला नव्हता.

मावशीचं म्हणणं एकच. दुसरा माझा. आभाळ भरून आलं की ती थर्मास भरते, चादर पांघरते आणि दाराबाहेर चटई टाकून रस्त्याकडे तोंड करून बसते. पाऊस तिच्या अंगावर पडतो. ती मोठमोठ्याने म्हणते, "मी तयार आहे, भाऊ. मला ने." कुणी येत नाही. तिला नेण्यात त्याला काय रस असणार?

मागच्या हिवाळ्यात सैफ घरी असताना असाच पाऊस आला. तो वैतागून म्हणाला, "अगं, म्हातारी भिजतेय. आण ना तिला आत!"

रय्या उठली. दारापर्यंत गेली. बाहेर आई कुडकुडत होती. रय्याने मागे वळून पाहिलं. मुलगी बापाच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळत होती.

तिने आईच्या खांद्यावर आणखी एक शाल टाकली.

आणि आत येऊन दार लावून घेतलं.

"आईला आत घेतलं तर मग तो आला की दारात कोण?" तिने मला विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

तेवढ्यात मावशी कॉफी घेऊन आली. मी एकच कप प्यालो आणि लगेच हलवला. रय्याने तो माझ्या हातातून घेतला, उलटा करून पाहिला.

"हलवलास ना?" ती म्हणाली. "नक्की हलवलास?"