उसवलेलं पाणी

पटेल न पटेल, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय.

डिसेंबर १९७१. कलकत्ता. बेहालातलं भाड्याचं घर.

कालिंदीमावशीचे यजमान, कॅप्टन शरच्चंद्र, पूर्वेच्या आघाडीवर होते. त्यांच्या नव्या तुकडीचं खांद्यावरचं चिन्ह त्यांनीच रेखाटलेलं. हिरव्या कापडावर पांढरा बगळा. पायाशी निळ्या दोऱ्याची एकच रेघ... पाणी.

"बगळाच का?" तिनं विचारलं होतं.

"चिखलात पाय रोवून उभा राहतो. हटत नाही."

एक बिल्ला ते घरी ठेवून गेले.

सात तारखेला तार आली. बेपत्ता.

मावशीनं बिल्ला हातात घेतला, आणि...

पाणी बगळ्याच्या गुडघ्यापर्यंत होतं.

दुसऱ्या सकाळी पोटापर्यंत.

तिनं सुई घेतली. एकेक निळा टाका उसवला. संध्याकाळी पाय मोकळे झाले.

सकाळी पाणी मानेशी...

"दोन घास खाऊन घे, पोरी." सासरे दाराशी आले.

"थांबले तर ते बुडतील, नाना."

नानांनी बिल्ला पाहिला. चष्मा लावला, दुसरी सुई घेतली आणि शेजारी बसले.

चार दिवस. बोटं फुटली. पाणी चढायचं, दोघं उतरवायची.

पाचव्या दिवशी पाणी चढलंच नाही.

"वाचला माझा पोर," नाना म्हणाले, आणि रडले.

जानेवारीत एक जवान काठी टेकत आला. श्यामसुंदर. साताऱ्याकडचा.

"चार दिवस दलदलीत अडकलो होतो, बाईसाहेब. मांडीत गोळी. पाणी हनुवटीपर्यंत यायचं, अन् आपसूक उतरायचं. भरती-ओहोटीचा मेळच लागंना."

"आणि हे?"

त्यानं काठी भिंतीला टेकवली.

"साहेब पहिल्याच दिवशी गेले. जागच्या जागी. थंडी लई होती... खांद्यावर बगळा असलेला त्यांचा कोट मी अंगात घातला होता."

नानांनी चष्मा काढून ठेवला.

मावशीनं त्याला जेवू घातलं. टाक्यांचं मात्र कधीच सांगितलं नाही. पुढे तो दर दिवाळीला यायचा, बायको-मुलींना घेऊन.

"त्याला पाहिलं की मनात यायचं, तूच का?" मावशी मला म्हणाली. "मग स्वतःचीच लाज वाटायची."



"पण ते पाणी मला दाखवत कोण होतं रे? हेच ना? त्याच्यासाठी?"