पाणी न पिणाऱ्याचं आवतन

"ज्यानं आपल्या घरचं पाणी नाही पेलं, त्याच्या आवतनाले हो म्हणू नोको. अन् लेकराच्या नावानं तर मुळीच नोको."

हे माझ्या सासूनं मला सांगितलं होतं. सुपात तांदूळ पाखडता पाखडता.

मी हसले. "मामीजी, पाहुण्यांची आता परीक्षा घ्यायची का?"

"बीए झाली तू. तुले कोण शिकवणार," ती म्हणाली आणि फोलपटं माझ्याच बाजूला उडवली.

पुढचं सगळं खरं आहे. माझ्यासमोर घडलं आहे. माझ्या घरचे म्हणतात की असं काही झालंच नाही. का म्हणतात, ते तुम्हाला शेवटी कळेल.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भरदुपारी घडली. १९८१ साल, दिवाळी सरलेली, लाखांदूरकडचं दिघोरी गाव, आणि मंडईचा दिवस.

आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. आज या गावात, उद्या त्या गावात. घराघरात पाहुणे. आलेल्याला आधी लोटाभर पाणी द्यायचं, मग जेवण. निघताना पाहुणा म्हणतो, "आता तुम्ही या आमच्या मंडईले." आपण म्हणायचं, "येऊ जी." एकदा येऊ म्हटलं की जावंच लागतं. नाही गेलं तर सोयरीक तुटते.

मी भंडाऱ्यात वाढलेली. नवरा, इश्वर, वरठीला कारखान्यात. तिथं खोली करून राहायचा, शनिवारी घरी यायचा. दिघोरीच्या घरी आम्ही तिघीच. मी, सासू केशरबाई, आणि माझी सहा वर्षांची पोरगी, तुळसा.

सासूचं आणि माझं पटत नव्हतं. ते लपवत नाही.

त्या दुपारी मी तुळसाला घेऊन मंडईत गेले. तलावाच्या पाळीवर दुकानं लागली होती. उकडलेले शिंगाडे, जिलेबी, मुरमुरे. दंडारीच्या नाचाची ढोलकी वाजत होती. धूळ, गर्दी, पोरांच्या पिपाण्या...

मी तुळसाचं मनगट सोडलं नव्हतं. मी तशीच आहे. गर्दीत माझी नजर पोरीवरून हटत नाही.

पाळीच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली, एक बायस्कोपवाला उभा होता. हिरवा डबा, तीन पायांची घोडी. डोळा लावायला चार भोकं.

त्याच्याभोवती एकही पोर नव्हतं.

मंडईत बायस्कोप आणि पोरं नाहीत... हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"देखो देखो, सायगॉन शहर देखो," तो हळू आवाजात म्हणत होता. कोणाला बोलवावं असा तो आवाजच नव्हता. "नदी किनारे रोशनी देखो, लाल ईंट का गिरजा देखो, कटोरे में भाप देखो..."

सायगॉन हे नाव मी कॉलेजात पेपरात वाचलेलं. लढाईच्या बातम्यांत. दिघोरीच्या मंडईत ते ऐकून मला मौज वाटली.

तुळसानं डोळा लावला. शेजारच्या भोकाला मी.

पहिलं चित्र, विटांचं लाल देऊळ, दोन उंच मनोरे. दुसरं, घड्याळाच्या बुरुजाचा मोठा बाजार. तिसऱ्यात तीनचाकी, पण सवारी पुढं बसलेली आणि हाकणारा मागं. सगळी चित्रं रात्रीची. रंगीत दिव्यांच्या माळा, नाचघराचं लाल दार, नदीवर दिवे लावलेल्या होड्या.

आणि चौथं चित्र...

रस्त्याच्या कडेला बुटकं टेबल. भोवती बुटके पिढे. माणसं जेवायला बसलेली. प्रत्येकापुढे वाडगा, वाडग्यात शेवयांचा रस्सा.

सगळी माणसं पाठमोरी.

एक पिढा रिकामा.

"आई, वाफ हलते," तुळसा म्हणाली.

मी पाहिलं. वाफ हलत होती.

तेवढ्यात मला वास आला. बडीशेप, दालचिनी, हाडांचा रस्सा. आणि ढोलकी ऐकू येईना. पिपाण्याही नाहीत. मी डोळा काढला. मंडई होती तशीच होती, लोक तोंडं हलवत होते...

आवाज तेवढा नव्हता.

मग एकदम सगळा गलका परत आला. ऊन लागलं असेल, असं मी मनाशी म्हटलं.

मी पैसे काढले. त्यानं हात मागे घेतला.

"पैसा नको बाई."

"मग शिंगाडे तरी घ्या. पाणी देऊ? घर जवळच आहे."

"तहान नाही."

त्याचे ओठ कोरडे होते. भेगा पडलेले. त्या उन्हात तो सकाळपासून उभा असणार.

"पोरीला शहर आवडलं," तो म्हणाला. "आता या आमच्याकडे. फिरवू, खिलवू. रात्रीचा नाच दाखवू."

अशा वेळी जे म्हणतात तेच मी म्हटलं. "येऊ की. तुळसाला घेऊन येऊ."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं डब्याची भोकं एकेक करून झाकली. पुढचं कोणी यायची वाटही पाहिली नाही.

संध्याकाळी तुळसा जेवेना.

"मी जेवून आली," ती म्हणाली.

"कुठं?"

"तिथं."

तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सासूनं दोन ताटं वाढली. मी म्हटलं, "तुळसाचं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं... आणि दचकली. "हो वं. डोकं ठिकाणावर नाही माहं." तिसरं ताट घेतलं.

त्याच्या पुढच्या दिवशीही दोनच.

मी विहिरीवर गेले. तुळसाचा हात माझ्या हातात. शेजारची धुरपता म्हणाली, "काहून वं, एकटीच आली? पोरगी कोठी ठेवली?"

"ही काय धुरपताबाई. समोर तर आहे."

धुरपतानं खाली पाहिलं, डोळे बारीक केले, आणि बादली तशीच ठेवून घरी गेली.

तुळसा मात्र खूश होती. अंगणात बसून आपल्याशीच बोलायची. मी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. तिथं रस्त्यावरच जेवतात. शेवया लांब असतात, दोन काड्यांनी उचलायच्या. लाल दारातली बाई नाचायला बोलावते. दिवे कधी विझत नाहीत.

"आणि माणसं कशी आहेत गं?"

"चांगली. पण मागं वळून पाहत नाहीत."

"का?"

"पाहिलं की वाडगा रिकामा होते."

मी तिचा फ्रॉक मुठीत धरून झोपायला लागले. पोरगी रोज हलकी लागत होती. झोपेत तिच्या अंगावर हात टाकला तर आधी नुसती गोधडीच लागायची... मग कुठं ती.

शनिवारी इश्वर आला. सायकल टेकवली, पिशवीतून केळी काढली. एक आईला, एक मला.

तुळसा धावत गेली. "बाबा."

तो चपला काढत राहिला.

तिनं त्याच्या पँटला धरून ओढलं. तेव्हा त्यानं खाली पाहिलं. हसला. परक्या लेकराकडे पाहून हसतात तसा.

"कोणाची वं ही? चांगली आहे. घरी जा बाई, तुझी माय शोधत असेल."

 मी दार धरलं.

सासू चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. उठली, तुळसाची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडात फिरवलं. वास घेतला. मग माझ्याकडे वळली.

"कोणाले हो म्हणली तू?"

मी सांगितलं. सगळं.

"पाणी पेला होता का त्यो?"

मी मान हलवली. नाही.

"वा," ती म्हणाली. "भंडाऱ्याच्या कालेजात हेच शिकवते का? पोरगी वाटून आली, अन् घरी येऊन भात करपवून राहिली."

मी रडले नाही. रडायला वेळच नव्हता. सासूला स्वतःलाही पोरीकडे बघत राहावं लागत होतं. नजर हलली की ती विसरत होती. तिनं आपल्या हिरव्या लुगड्याच्या पदराचं टोक तुळसाच्या मनगटाला बांधलं, आणि रात्रभर तशीच बसून राहिली.

सकाळी तिनं घरच्या माठातलं पाणी पितळी लोट्यात भरलं, वर फडकं बांधलं. शेजारच्या गावची मंडई होती त्या दिवशी.

"मंडईवाले मंडईतच सापडते," ती म्हणाली. "पाणी पाजलं का तो आपला पाहुणा झाला. मंग पाहुण्याचं आवतन टाळता येते. चाल."

कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमधून आम्ही तिघी चाललो. सासू पुढं, पदर ताणलेला. मी मागं. दोघींच्या मध्ये तुळसा गाणं म्हणत होती. शब्द आमचे नव्हते.

तो होता. तसाच, गर्दीच्या टोकाला. तोच हिरवा डबा. भोवती एकही पोर नाही.

सासूनं फडकं सोडून लोटा त्याच्या छातीशी नेला.

"पे."

"तहान नाही, बाई."

"तहान कोण विचारून राहिलं तुले? पे म्हटलं."

त्यानं लोटा घेतला. तोंडाला लावला. मान मागं टाकली. मी त्याच्या गळ्याकडे पाहत होते...

गळा हलला नाही.

त्यानं लोटा परत दिला. काठोकाठ भरलेला.

सासूनं लोटा हिसकून घेतला. पाणी माझ्या पायावर सांडलं, तेव्हाच काय ते कमी झालं.

"जागा मांडून ठेवली आहे," तो म्हणाला. माझ्याकडे पाहून. "शब्द दिलाय. कोणीतरी यावं लागेल."

कोणीतरी.

तो शब्द आम्ही दोघींनी ऐकला. मी पुढं झाले. सासूनं मला कोपरानं मागं ढकललं. जोरात. लागलं मला.

तिनं वाकून डोळा लावला. पाहत राहिली.

"हे काय जी," ती डब्यातच पाहत म्हणाली, "पिढा तं बुढीच्या मापाचा हाये. लेकरू पडन ना त्याच्यावरून."

त्यानं माझ्यावरची नजर काढून तिच्यावर ठेवली.

तिनं डोळा न काढताच पदराची गाठ सोडली. तुळसाचं मनगट माझ्या हातात दिलं. लोटाही दिला.

"पाठ फिरव, सूनबाई. अन् मागं पाहू नोको."

"मामीजी, मी जाते. शब्द मी..."

"तू जाशीन, अन् पोरीले कोण पाहीन? इश्वर? त्याले सोताचे मोजे नाही सापडत." मग थांबून म्हणाली, "तुह्यासाठी नाही करून राहिली मी. समजली का?"

मी पाठ फिरवली.

आवाज गेला. मंडईचा सगळा आवाज. तेवढ्या शांततेत तिचा एकच शब्द ऐकू आला, पाहुणा निघताना घरवाले म्हणतात तसा.

"येऊ."

मग भोकं झाकल्याचे आवाज. एक... दोन... तीन... चार.

ढोलकी परत वाजायला लागली.

मी वळले. डबा नव्हता, घोडी नव्हती, ती नव्हती. हातातला लोटा हलका लागला म्हणून आत पाहिलं. कोरडा. धुऊन, पुसून ठेवल्यासारखा.

"आई, भूक लागली," तुळसा म्हणाली. शिंगाडे घेऊन दिले तर सालीसकट चावत सुटली. तोंडाला कसलाही वास नव्हता.

घरी इश्वर दारातच होता. त्यानं पोरीला उचललं. "कुठं गेली होती माझी तुळसा? मी कधीचा वाट पाहून राहिलो." जसं काही कधी विसरलाच नव्हता.

"मामीजी..." मी म्हटलं.

"कोण मामीजी?"

"तुमची आई."

त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला. ताप आहे का पाहिलं. "आई तर मी तान्हा होतो तेव्हाच गेली. तुला माहीत आहे ना."

तिचं लुगडं दांडीवर नव्हतं. दांडीच नव्हती. तिची चंची, तिचा अडकित्ता, काही नाही. धुरपताला विचारलं तर ती म्हणाली, "तुह्या घरी सासू असती तं तू एवढी सुखात राहिली असती का, वं?" आणि हसली.

लोटा तेवढा आहे. त्यात पाणी भरलं की सकाळी कोरडा असतो.

त्यानंतर मी तुळसाला मंडईत नेलं नाही. ती आता बारा वर्षांची आहे, अंगानं चांगली आहे. तिला काही आठवत नाही. पण ताटं घ्यायला सांगितलं की ती एक जास्त घेते. मी विचारते, हे कोणाचं? ती म्हणते, माहीत नाही, पण एक कमी पडून राहिलं.

मलाच सगळं का आठवतं, ते ठाऊक नाही. शब्द मी दिला होता, म्हणून असेल.

पण मागच्या आठवड्यात भांडी घासताना मी थांबले. तिचा चेहरा डोळ्यांपुढे येईना. आवाज आठवत होता, टोमणे आठवत होते. नाव आठवायला मात्र पार दुपार झाली...

म्हणून हे लिहिते आहे.

यंदाही मंडया भरतील. तुमच्यापैकी कोणी आंबागडकडे जाईल, कोणी साकोलीकडे, कोणी लाखांदूरकडे. गर्दीच्या टोकाला हिरवा डबा दिसला, भोवती पोरं नसली, तर आपलं लेकरू घरी सोडून या, आणि मग जा. तो काहीही म्हणाला तरी हो म्हणू नका. पहिली तीन चित्रं जाऊ द्या. चौथ्यात पाठमोरी माणसं जेवत असतील. त्यांच्यात हिरव्या लुगड्यातली एक बुढी शोधा. हाक मारू नका, ती वळेल.

तिच्या वाडग्यात वाफ आहे का, तेवढं पाहा.

केशरबाई तिचं नाव. मी ते विसरायच्या आत कोणीतरी पाहून या.