म्हैस, शेळी आणि निळी छत्री

वीर स्टेशनवरून निघालेला चंदू रिक्षावाला महाड येईपर्यंत कुणाच्या बापासाठी थांबत नाही, अशी त्याची ख्याती. आणि त्या दिवशी मात्र वीरचा नाका आला न आला तोच त्यानं रिक्षा बाजूला घेतली.

"काय झालं रे चंदू?" उज्वलानं विचारलं.

"काय नाय ताई. इंजिन तापलंय जरा. उतरा, च्या घ्या."

स्टेशन सोडून दहा मिनिटं झाली नव्हती, एवढ्यात कसलं इंजिन तापतंय! पण उज्वला उतरली. दरवर्षी वीस मार्चच्या आदल्या दिवशी ती पनवेलहून अशीच यायची, घरच्यांबरोबर चवदार तळ्यावर जायची आणि लगेच दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत. यंदा बॅगेत लॅपटॉपही होता, कारण सोमवारी ऑफिसात एक अहवाल द्यायचा होता. त्याचं काय करावं याच विचारात तिनं चहाचा ग्लास तोंडाला लावला, सहज समोर बघितलं… आणि जिभेला चांगलाच चटका बसला.

समोर फ्लेक्स होता. 'नियोजित अभ्यासिका व वाचनालय, तुडील. पायाभरणी समारंभ, २० मार्च, दुपारी चार.' खाली इमारतीचं चित्र. जांभ्याची लाल भिंत, लांब ओटी, बाजूला जांभळीचं झाड. आणि पायरीपाशी एक मुलगी उभी होती. खांद्याला शबनम, पांढरा दुपट्टा, हातात मिटलेली निळी छत्री.

"अगो बाई," उज्वला पुटपुटली. "ही तर मी!"

चंदू तिकडे तोंड फिरवून शीळ घालत होता.

ती उठून फ्लेक्सच्या अगदी जवळ गेली. कानाजवळ, दुपट्ट्याच्या काठावर लालसर झाक होती. भिंतीवरचं ऊन परतून अंगावर पडलं की पडते ना, तश्शी. "हे म्हशीचं काम," ती स्वतःशीच म्हणाली. चहावाला तिच्याकडे बघतच राहिला.

आता ही म्हैस कोण, ते सांगायलाच हवं.

पाच-साडेपाच वर्षांपूर्वी महाडच्या बाजारपेठेत, एका हार्डवेअरच्या दुकानावर, शर्मिला मॅडमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मॅडम आर्किटेक्ट. त्या घरांचे नकाशे काढायच्या आणि उज्वला नि स्वराज त्यांची चित्रं करायचे. न बांधलेल्या घराचा हुबेहूब फोटो, ज्याला धंद्यात रेंडर म्हणतात. कॉम्प्युटर दोन, सॉफ्टवेअरंही दोन. उज्वलाचं सॉफ्टवेअर महासंथ. उन्हाचा एकेक किरण भिंतीवर कुठे आपटला, तिथून फरशीवर कुठे गेला, याचा हिशेब करत बसायचं. सकाळी दहाला लावलं की संध्याकाळी पाचला चित्र. स्वराजचं म्हणजे नुसती घाई. बटण दाबलं की मिनिटात घर उभं.

स्वराज पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. घरी गुरं. त्यानंच नावं ठेवली. "तुझी ती म्हैस. वेळ खाते, चारा खाते, पण दूध घट्ट. माझी आपली शेळी. पातळ का होईना, लगेच देते."

"पातळ दुधाचा चहा तूच पी," उज्वला म्हणायची.

"पितो की. तुझा चहा उकळेपर्यंत माझे दोन कप होतात गो!"

दिवसभर हेच. श्रावणातल्या पावसात महाडची वीज जायची आणि नव्वद टक्के झालेलं म्हशीचं चित्र पुन्हा शून्यावर यायचं. मग उज्वला डोकं धरून बसायची आणि स्वराज मुकाट्यानं खाली जाऊन भजी आणायचा. चेष्टा तो नंतर करायचा, भजी संपल्यावर. आधी कधीच नाही. ही गोष्ट तिच्या फार लवकर लक्षात आली होती.

मग बिरवाडीचे सुहास गुरुजी आले, घर बांधायचं म्हणून. दोघांत पैज लागली. एकाच घराची दोन चित्रं करायची, एक म्हशीचं, एक शेळीचं, गुरुजी निवडतील ते खरं. गुरुजींनी शेळीचं चित्र बघितलं. "झकास हाय. पण माझं घर लॉजसारखं दिसतंय." मग म्हशीचं बघितलं आणि चष्मा काढून पुसला. "हे मात्र माझ्या ओटीवरचं ऊन." उज्वलानं स्वराजकडे बघून भुवया उडवल्या. तेवढ्यात गुरुजींनी चित्रावर बोट ठेवलं. "पण ही टोपीवाली मड्डम कोण? आणि तिचा कुत्रा माझ्या अंगणात काय करतोय?"

दोन्ही सॉफ्टवेअरमधली तयार माणसं सगळी परदेशी! दोघं हसून हसून लोटपोट. त्याच दुपारी ठरलं, माणसं आपली घालायची. ऑफिसात झाडलोट करून चहा देणारी चंद्राबाई पांढरी चादर धरून उभी राहिली आणि स्वराजनं चादरीपुढे उज्वलाचा फोटो काढला. बाहेर पाऊस नुकता थांबलेला, म्हणून हातात छत्री.

"हस की गो बाय जरा," चंद्राबाई म्हणाली. "जेवली नायस काय?"

उज्वला हसली नाही. कॅमेऱ्यामागून स्वराज जसं बघत होता ना… त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आठवडाभरात त्यानं विचारलंही. म्हशीचं चित्र त्रेसष्ट टक्क्यांवर होतं, मॅडम साइटवर गेलेल्या. "उज्वला, मला मुंबईत नोकरी लागलीय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तू… लग्न करशील माझ्याशी? हो म्हण, मी जात नाही."

तिचं काळीज असं धडधडलं की म्हशीच्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज ऐकू येईना. त्याचं घर डोंगरावरच्या वाडीत, तिचं महाडच्या बौद्धवाड्यात. दोन्हीकडे बोलावं लागणार होतं आणि तिला आधी वडलांशी, अण्णांशी बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "थांब."

स्वराज पाच दिवस थांबला. सहाव्या दिवशी गेला.

अण्णा शाळेत शिक्षक. उज्वला रजा टाकून घरी बसली, तरी त्यांना सांगायचा धीर व्हायला तिला सात दिवस लागले. ते म्हणाले, "मुलगा कसा आहे ते सांग. वाडी कुठली ते मी विचारलं नाही." आठव्या दिवशी ती डब्यात रव्याचे लाडू घेऊन ऑफिसात गेली, तर त्याची खुर्ची रिकामी! तिला राग आला, रडू आलं, मग पुन्हा राग आला. सात तासांच्या चित्राला हसणारा माणूस, त्याला माझ्यासाठी आठ दिवस निघाले नाहीत? जाऊ दे! फोन तिनं केला नाही, त्यानंही नाही. पुढे एकवीसच्या पुरात ते ऑफिस गेलं आणि उज्वलानं पनवेलला नोकरी धरली. पुरानंतर स्वराज गावी परतला आणि पोलादपूरला त्यानं स्वतःचं काम मांडलं, हेही तिच्या कानावर आलं होतं. पण गेला तो, तर यावंही त्यानंच. 'हो' मात्र तिच्यापाशी तसंच पडून होतं.

आणि आता हा फ्लेक्स.

घरी पोचल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. महिनाभर ती दोन्ही सॉफ्टवेअरांची तुलना करत होती. एकच मॉडेल, तेच ऊन, तोच कोन. म्हैस सहा तास दहा मिनिटं. शेळी चाळीस सेकंद. आणि आता दोन चित्रांतला फरक क्लायंटला सांगूनही दिसत नव्हता. साहेबांचं मत पक्कं होतं. म्हैस काढून टाका. अहवालावर तिची सही तेवढी बाकी होती आणि तिचाच हात होत नव्हता. तिच्या मनात एकच घोळत होतं. स्वराजनं एका चित्रासाठी म्हशीपुढे सहा-सहा तास बसकण मारली? स्वराजनं? म्हणजे तो थांबायला शिकला… की मीच आपलं काहीतरी मनात आणतेय?

दुसऱ्या दिवशी तळ्यावरून आल्यावर तिनं माळ्यावरून निळी छत्री काढली.

"अगं, पावसाळ्याला तीन महिने आहेत," आई म्हणाली.

"ऊन आहे ना," ती म्हणाली आणि चंदूच्या रिक्षात बसली.

तुडीलला पोचली तेव्हा तीन वाजत होते. मांडवात अजून कुणी नव्हतं. पलीकडे नदी ऊन अंगावर घेऊन पडलेली. मोकळ्या जागेत एक माणूस वाकून जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं पायाच्या रेघा ओढत होता. चाहूल लागून त्यानं मान वर केली. कानशिलावरचे चार केस पांढरे झालेले. का फक्कीच होती, कोण जाणे.

"तिथं नको उभी राहू," स्वराज म्हणाला. "ते पुस्तकांचं कपाट आहे."

उज्वला दोन पावलं सरकली. "आणि इथं?"

"तिथं भिंत."

"मग कुठं उभी राहू?"

"चित्रात आहेस तिथं… पायरीपाशी."

ती रेघांच्या कडेनं पायरीपाशी गेली. आवाज साधा ठेवून तिनं विचारलं, "ती फोटोची फाईल? पुरात सगळं गेलं होतं ना?"

"सगळं गेलं. तेवढी पेनड्राइव्हवर होती. माझ्या खिशात."

"हं. आणि काय रे, एवढ्या उन्हात छत्री मिटून कोण उभं राहतं?"

"तू राहिलीयस की आत्ता."

तिनं हातातल्या छत्रीकडे बघितलं आणि ओठ चावला. मग एकदाचं विचारलं, "म्हशीवर केलंस ना ते? किती तास लागले?"

"म्हैस?" तो गोंधळला. "नाय गो. शेळीवर. चाळीस सेकंद."

उज्वलाचा चेहरा खर्रकन उतरला. काल रात्रभर जे काय मनात बांधलं होतं, ते चाळीस सेकंदांत जमीनदोस्त! एवढी वर्षं याच धंद्यात, आणि ओळखता येऊ नये? "असं होय," ती म्हणाली. "छान आहे. निघते मी."

"ऐक तरी! भिंत, झाड, ऊन, चाळीस सेकंदांत झालं. पण तुझ्या दुपट्ट्यावर ती लाल झाक येईना. शेळी फोटोतल्या माणसावर देतच नाही. मग हातानं रंगवली. तीन दिवस लागले."

ती थबकली. "तीन दिवस? ती बोटभर झाक कोण बघणार होतं?"

"जिनं बघायची तिनं बघितली ना?" तो फक्कीचा हात पँटला पुसत पुढे आला. "फ्लेक्स तुडीलला लावणार होते. मी सांगितलं, एक वीरच्या नाक्यावर पण लावा. एकोणीस मार्चला तू तिथनंच येतेस. चंदूला सांगून ठेवलं होतं, कायपण कर पण तिथं थांब."

"मेला! म्हणे इंजिन तापलंय!"

"उज्वला… दिवाळीत चंद्राबाई भेटली, पोलादपूरच्या बाजारात. म्हणाली, ती बाय आठव्या दिशी डबा घेऊन आली व्हती तुला शोधत. मला माहीतच नव्हतं गो. मी आपला पाच दिवसांतच ठरवून बसलो, की थांब म्हणजे नाही."

"आणि लाडू?"

"चंद्राबाईनं खाल्ले. म्हणाली, साखर जरा कमी व्हती."

उज्वलाला हसू फुटलं आणि डोळेही भरले. "फोन का नाही केलास मग, दिवाळीपासून?"

"काय बोलणार होतो फोनवर?" तो तिच्यासमोर, ओटीच्या पांढऱ्या रेघेवर येऊन उभा राहिला. "पळून गेलो होतो मी. चूक माझी. आता विचारतो. लग्न करशील माझ्याशी? आठ दिवस घे, आठ महिने घे. या वेळी मी इथून हलत नाही."

"करीन," उज्वला म्हणाली.

त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"काय झालं? वेळ लावलास का घड्याळात?"

"लावायच्या आत झालं गो," स्वराज म्हणाला, आणि डोळे पुसायला हात वर नेला तो गालभर फक्की लागली. तिनं दुपट्ट्याच्या काठानं ती पुसली. सावकाश. अगदी म्हशीसारखी.

रस्त्यावरून चंदूनं हाक दिली, "ताई, इंजिन थंड झालं! निघायचं काय?"

उज्वलानं मान न वळवताच उत्तर दिलं, "थांब."