डाव्या पंखाची टाकी

त्या दुपारी ताईच्या हाती तसं साधंच काम होतं. धाकट्या भावाच्या छोट्या विमानाचं इंजिन हवेत दम सोडत होतं, ते का, एवढंच शोधायचं. भाऊ बेटांवर औषधं पोचवायचा आणि विमानांची दुरुस्ती हा ताईचा वीस वर्षांचा धंदा.

"वीस मिनिटं सगळं झकास," भाऊ म्हणाला. "मग ताकद जाते. डाव्या पंखातल्या टाकीवर असलो की हमखास. खाली पाणी जवळ यायला लागतं... आणि इंजिन आपोआप जीव धरतं."

ताईने पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरलं. पाण्याचा थेंब नाही. गाळणी स्वच्छ. टाकीला हवा देणाऱ्या नळीत गांधीलमाशी घर करते कधीकधी, तीही मोकळी. मग तिने इंजिनाकडची नळी सोडवली, खाली बादली ठेवली आणि कॉक उघडला.

धार जाड पडत होती. बाहेर वारा पडला होता, हँगरचा एकही पत्रा वाजत नव्हता. अर्धी बादली भरली आणि धार बारीक झाली... दोऱ्याएवढी... थांबली.

पंखात काहीतरी ओलं सरकलं. धार पुन्हा सुरू झाली.

"गाळ असता तर गाळणीत सापडला असता," ताई हळू आवाजात म्हणाली. "हे मोठं आहे. तोंडाशी येतं, ओढ थांबली की बाजूला होतं."

टाकी उपसून ती शिडीवर चढली, पंखावरचं झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. वासाने डोळे चुरचुरले. तळाशी उरलेलं पेट्रोल हाडापर्यंत गार लागत होतं.

बोटांना कापड लागलं. टाकीच्या तोंडावर तळवा दाबून ठेवावा, तसं ते बसलं होतं. तिने ओढलं. आलं नाही. उलट त्यानेच तिची बोटं धरली. हलकेच, गर्दीत ओळखीचं माणूस धरतं तशी.

"ताई? काय झालं?"

"काही नाही... बोलू नकोस."

ती श्वास रोखून थांबली. पकड सुटली. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक जुना सुती हातमोजा लोंबत होता, निथळत, रिकामा.

भाऊ हसला. "कुणीतरी टाकी जोडताना विसरलं, आणि मी इंजिनाला शिव्या घालतोय."

ताईने विजेरी आणि आरसा घालून टाकीचा कोपरा न् कोपरा पाहिला. दोनदा; मग भावाच्या नकळत तिसऱ्यांदा. आत काही नव्हतं. पेट्रोल भरून धार सोडली, चार बादल्यांत एकदाही खंड पडला नाही. इंजिन जमिनीवर अर्धा तास पूर्ण ताकदीने चालवलं. तक्रारीला जागा नव्हती.

तरी विमान उडायला ठीक असल्याच्या कागदावर सही करताना पेन अडलं. भावाला सांगायचं काय? बेटावर एक लेकरू औषधाची वाट बघत होतं. तिने सही केली.

विमान उडालं. आवाज एकसंध होता. तो विरेपर्यंत ती दारात उभी राहिली, मग टेबलाशी आली. मघाशी ठेवलेला हातमोजा तिथेच पडला होता. पेट्रोलने भिजलेली वस्तू बर्फासारखी लागते, हे तिच्या हातांना पाठ होतं, आणि बाहेरून तो तसाच गार होता. उलटा करून वाळत घालावा म्हणून तिने दोन बोटं आत सारली.

आतून तो कोरडा होता. आणि कोमट... नुकताच कुणीतरी हात काढून घेतल्यासारखा.