माझी चूक मला परत द्या

त्याने आधी पुस्तकं उचलली. हे मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

मी खांद्यावर तीन फळ्या घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर वळत होते आणि तो हनुवटीपर्यंत रचलेला पुस्तकांचा ढीग सांभाळत समोरून येत होता. व्हायचं तेच झालं. फळ्या एकीकडे, पुस्तकं दुसरीकडे आणि मधोमध रस्त्यावर बसकण मारलेली मी. आणि हा माणूस गुडघे टेकून एकेका पुस्तकावरची धूळ फुंकतोय! चार पुस्तकं झाल्यावर त्याला मी दिसले.

"तुम्हाला... लागलं का?"

"छे छे, आधी त्या पाचव्याला विचारा. कोपरा दुमडलाय बिचाऱ्याचा."

त्याने खरंच पाचव्याचा कोपरा तपासला. मग माझा टोमणा त्याच्या डोक्यात शिरला आणि तो कानापर्यंत लाल झाला. कान चांगले होते त्याचे. पण म्हणून काय झालं!

त्याचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं, सगळे त्याला बाइंडरच म्हणत. मी सुतार. काकांच्या हाताखाली सहा वर्षं रंधा मारलाय. माझ्या फळ्या उचलून देताना त्याने विचारलं, "माझ्या दुकानात जिन्याखाली एक कपाट बसवून द्याल?" आणि काकांनी पहिल्यांदाच एक अख्खं काम माझ्या एकटीवर सोपवलं. अट एकच.

"ठिणगे," माझ्या रागावरून ठेवलेल्या नावाने हाक मारून काका म्हणाले, "एक जरी लाकूड वाया घालवलंस, तर पुन्हा सहा महिने माझ्या हाताखाली. एकटीने काम नाही."

"नाही जाणार वाया," मी म्हणाले. गर्वाचं घर खाली असतं, हे काय मला माहीत नव्हतं?

पहिल्या दिवशी मी तिरका गुण्या काढला. एक लाकडी मूठ, तिला अडकवलेलं एक सुटं पातं आणि मध्ये स्क्रू. मूठ उभ्या खांबाला टेकवली, पातं जिन्याच्या तिरक्या पोटाला लावलं, स्क्रू आवळला. झालं. जिन्याचा उतार हातात आला. आता तो असाच फळीवर ठेवायचा आणि पात्याच्या कडेने रेघ मारायची.

"किती अंशांचा कोन आहे?" बाइंडर मागून म्हणाला.

"माहीत नाही."

"मोजत नाही तुम्ही?"

"का? माणूस ओळखायला तुम्ही त्याचं वजन करता?"

तो हळूच म्हणाला, "नाही... पण माणूस ओळखायला वेळ लागतो मला."

"आणि ऐका. लावलेल्या गुण्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. आमच्याकडे नियम आहे."

त्या दिवसापासून तो गुण्याजवळून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जायचा. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा! मला हसू यायचं, आणि हसू येतं म्हणून रागही यायचा. चार दिवस असे गेले. माझा भुसा त्याच्या नव्या कापडी बांधणीवर बसायचा, तो काही न बोलता झटकायचा. चहा आणायचा तो नेमका माझ्या उजव्या हाताशी. माझा उजवा हात कुठे असतो, हे बघायची याला गरज काय होती?

कपाटाच्या दाराची फळी मात्र त्याने स्वतः आणून दिली. त्याच्या वडिलांच्या कामाच्या टेबलाची. एका बाजूला सुरीचे शेकडो ओरखडे, आयुष्यभर कागद कापल्याचे. दुसरी बाजू कोरी.

"ही बाजू बाहेर हवी," ओरखड्यांवर हात ठेवून तो म्हणाला. "येता-जाता दिसली पाहिजे. एवढंच."

"एवढंच ना? दिसेल."

पाचव्या दिवशी सकाळी मी फळीवर गुण्या ठेवला आणि समोर बघितलं. तो पुस्तक शिवत होता. दातांत दोरा धरलेला, नजर माझ्यावर, आणि दोरा काढायचं विसरलेला. मीही बघत राहिले. हातानं आपलं काम केलं, रेघ मारली, करवत चालली... फळी पालथी होती हे मला कापून झाल्यावर कळलं.

उतार अचूक होता, फक्त उलट्या बाजूला पडला होता. दार जागेवर बसत होतं खरं, पण ओरखडे आत अंधारात आणि कोरी बाजू बाहेर. दुसरी फळी नव्हती. असणार कुठून?

बाइंडर आला. त्याने बघितलं, दाराच्या आतल्या बाजूने ओरखड्यांवरून एक बोट फिरवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात काका दारात. काम बघायला आले होते. त्यांच्या एका नजरेत सगळं आलं.

"हे कसं झालं?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी तोच बोलला.

"माझ्यामुळे झालं. मी गुण्याला हात लावला. स्क्रू सैल झाला असेल. यांची काही चूक नाही."

काकांनी गुण्या उचलला, कापलेल्या कडेला लावून बघितला, खाली ठेवला. "बरं," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला मागच्या नळावर गेले.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आणि दुसऱ्या क्षणी असा संताप आला की कानशिलं तापली.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये पडायला?"

"तुमचं काम जाऊ नये म्हणून..."

"माझं काम! माझी चूक! माझी चूक मला परत द्या! सहा वर्षं घासलेत हे हात, ते काय तुम्ही दया दाखवावी म्हणून? वडिलांची फळी गेली तुमच्या, आणि तुम्ही मलाच पदराखाली घेताय? राग नाही येत तुम्हाला?"

"फळीचं वाईट वाटलं," तो म्हणाला. "खूप. पण तुमचा चेहरा बघितला आणि..."

पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. तडक नळावर गेले.

"काका, त्यांनी हात लावला नाही. फळी पालथी होती. मी बघितलं नाही."

काका हात पुसत होते. "माहीत आहे. स्क्रू सैल झाला असता तर फट पडली असती. इथे कागद शिरत नाही." मग जरा थांबून, "सहा महिने."

"सहा महिने," मी म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मान खाली घातली नाही.

बाइंडर दारात येऊन उभा होता. काका त्याच्याकडे वळले. "आणि तुम्ही हो? खोटं बोलायचं तर निदान पटेल असं बोलावं. का बोललात?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" मी फणकारले. "मलाही कळू द्या. का?"

"सहा महिने... या एकट्या कुठे कामाला जाणार नाहीत. इथेसुद्धा नाही."

"मग? इथलं काम तर उद्या संपतंय."

"तेच ना," तो म्हणाला. कान पुन्हा लालबुंद. "मला आणखी एकही कपाट नकोय, तरी मी कालपासून सगळ्या भिंती मोजतोय. काका, मला या आवडतात. कपाटाशिवायसुद्धा."

काकांनी धुतलेले हात पुन्हा एकदा बघितले. "साबण राहिलाय," म्हणाले आणि पाठ फिरवून नळाखाली हात धरून उभे राहिले. नळ चालू करायचं काही त्यांना सुचलं नाही.

मी बाइंडरचा हात धरला आणि त्याला ओढत आत आणलं.

"हे काकांना सांगताय? काकांना? आणि मी कोण, पायपुसणं?"

"तुम्हाला सांगायची... हिंमत होत नव्हती."

"आता सांगा!"

त्याने सांगितलं. अडखळत, मध्येच थांबत, पण शेवटपर्यंत. काका आत आले तेव्हाही मी त्याच्यावर रागावलेलीच होते, फक्त त्याचा हात सोडायचा राहून गेला होता.