वालूरच्या मोटारीचं तांबडं पाणी

भगवानरावांच्या तेराव्याच्या सकाळी बंद मोटारीखाली पुन्हा तांबडं पाणी साचलं. मालकाचंच रक्त ते, असं वालूर गावभर झालं. सन ब्याऐंशीतली ही गोष्ट. छातीत कळ आलेल्या भगवानरावांना परभणीला नेताना निजामाच्या अमलातली ती काळी गाडी उकळून बंद पडली, आणि ते तिच्यातच गेले. गाडीखाली टपटप ऐकू आलं की नवऱ्यानंच बोलावलं असं वाटून त्यांच्या पत्नी केशरबाई अजूनही "आलेच" म्हणून उठायच्या.

"चंद्रभाननंच गाडीत तेजाब, ॲसिड ओतलं," भगवानरावांचे धाकटे भाऊ दत्तराव म्हणाले. ड्रायव्हर चंद्रभानला न्यायला दुपारी फौजदार येणार होते. त्याआधी त्याच्या बायकोनं परभणीहून मोटारी दुरुस्त करणाऱ्या भुजंग मिस्त्रींना आणलं. बॉनेट उघडून त्यांनी चंद्रभानला विचारलं,

"रेडिएटरात कोणतं पाणी घालायचास?"

"पावसाचं, गाळून. गंज चढू न्हाई म्हणून तुमी सांगितल्यालं, पाण्यात दुधावानी मिसळणारं तेलबी."

मिस्त्रींनी नळी सोडली. तांबडा गाळ आला, वर तेलाचा तवंग. बोट जिभेला लावून ते थुंकले. गाळ फडक्यातून गाळला, तर बारीक काळे दाणे उरले.

"गाडीजवळ आणखी कोण यायचं?"

चंद्रभाननं केशरबाईंकडे पाहिलं. "कोणीबी न्हाई."

तो खोटं बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मिस्त्री केशरबाईंकडे वळले. "काकू, गाडीची दृष्ट काढता?"

"दर अमावस्येला. लोकांची नजर लय वाईट."

"मीठ-मोहऱ्या चुलीत टाकता?"

"गाडीची दृष्ट, चुलीत कशाला? तिचा विस्तव तिच्या पोटात. पाण्याचं टोपण काढून त्याच्यात सोडायची मी."

मिस्त्रींना बोलणं जड गेलं, पण चंद्रभानचा जीव टांगणीला होता.

"तेजाब न्हाई, दत्तराव. असतं तर फडकं विरलं असतं. पाणी खारट हाय, गाळात मोहऱ्या हायेत. मिठानं ते तेल दुधावानी फाटतं, लोखंड उघडं पडतं. गंजानं नळ्या तुंबल्या, म्हणून गाडी उकळली. तुमी रक्त म्हणता ते गंजाचं पाणी."

केशरबाईंना समजायला वेळ लागला.

"म्हंजे ह्यांना मी..."

"न्हाई काकू," चंद्रभान रडतच म्हणाला, "गाळ काढून पाणी बदलायचं काम माझं होतं. फौजदाराला माझंच नाव सांगा."

"गप रे. त्यांच्यामागं तुलाबी घालवू का?"

केशरबाईंनी डोळे पुसले आणि फौजदाराची वाट बघत त्या स्वतःच दारात जाऊन बसल्या.