फासेवाल्याची गाडी

गाडी गळते का ते बघायचं होतं. एवढंच काम होतं, मामा म्हणाले. वीज गेलेली. गच्चीवर अंथरुणं पसरली होती आणि दोन्ही भाचे नि धाकटी भाची त्यांच्या उशाशी येऊन चिकटले होते.

"कोणाची गाडी?" धाकटीने विचारलं.

"माझ्या दोस्ताची. जन्मभर गाड्यांना बॉडी बांधून द्यायचा, पत्रा ठोकायचा, म्हणून त्याचं नाव पत्र्या. आता मधे बोललीस तर गोष्ट बंद. आणि हसायचं नाही. घडलेलं आहे हे. त्याची बायको, आमच्या वहिनी, अजून आहेत, जाऊन विचारा."

तर पत्र्याने साठी गाठली तरी स्वतःची म्हणून एक गाडी बांधली नव्हती. वहिनी रोज टोचायच्या, "लोकांच्या गाड्या सजवता सजवता मिशा पांढऱ्या झाल्या तुमच्या. मला कधी फिरवणार, मेल्यावर?" शेवटी एकदाचं त्याने मनावर घेतलं. नगरपालिकेच्या भंगारातून एक बंद टपाची गाडी उचलली. कुत्री धरायची गाडी होती ती. पुढच्या भागात दोन झोपायच्या फळ्या, शेगडी, घडीचं टेबल, सगळं असं नेटकं बसवलं की बघत राहावं. मागचा लोखंडी पिंजरा मात्र तसाच ठेवला. घरात दोन कुत्री होती, जाडजूड ढोल्या आणि काळी, बारकी मिरी. त्यांना निजायला आयती खोली झाली. पुढच्या नि मागच्या भागामध्ये वीतभर जाळीची खिडकी होती, आणि पिंजऱ्याचं दार मागून, बाहेरून. त्याला वजनदार कडी होती. दार आपटलं की आपोआप पडायची. आतून उघडायची सोयच नव्हती.

"ही कडी काढा," वहिनी म्हणाल्या.

"असलं लोखंड आता मिळतं का कुठे?" पत्र्या म्हणाला.

चांगलं लोखंड टाकवत नसे त्याला. हाडातच होतं ते. भंगाराच्या आवारातल्या रखवालदाराने त्याला एक गोष्ट सांगितली होती, ती त्याने ऐकली, मान हलवली आणि पोटात ठेवली. वहिनींना चकार शब्द बोलला नाही. पिंजरा दोनदा पाइप मारून धुतला आणि विषय संपवला.

सतरा मे, शनिवार. नवरा-बायको कुत्री घेऊन तळ्याकाठी गेली. पावसाची चिन्हं होती, आणि पत्र्याला तर तेच हवं होतं. टप गळतो का ते कळणार कसं? पण निघताना कुत्री काही पिंजऱ्यात बसेनात. ढोल्या दारातच चार पाय रोवून उभा. मिरी तर गाडीखाली शिरली. अखेर दोघं वहिनींच्या पायाशी बसून आली.

दिवसभर वारा पडलेला होता. अंधार पडला तसं वादळ सुटलं. बाहेर ताणलेलं कापड एका फटक्यात फाटून तळ्यात गेलं. मग गारा. लिंबाएवढ्या. टपावर असा मारा चालला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. कुत्री पिसाळल्यासारखी झाली. ढोल्याने शेगडी पाडली. वहिनी मिरीला जवळ घ्यायला गेल्या तर तिने त्यांच्या मनगटात दात रुतवले. रक्त बघितलं आणि पत्र्याचं डोकं फिरलं. दोघांना पट्ट्यांनी धरून फरफटत मागे नेलं.

"अहो, नका! ती तिथे जात नाहीत त्याला काही कारण असेल."

"कारण तुझे लाड!"

ढकललं आत. दार आपटलं. कडी पडली. खट्.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी गारा थांबल्या. पत्र्या उठला आणि टपाला आतून, कोपऱ्याकोपऱ्यातून हात फिरवला. सगळं कोरडं. "बघ," तो म्हणाला, "एक थेंब नाही."  वहिनींचं लक्ष जाळीकडे होतं.

मागून काहीच आवाज नव्हता. धापसुद्धा नाही.

मग गुरगुर आली. खालच्या पट्टीत, लांबलचक. एकाची नाही. दोघांचीही नाही.

आणि जाळीतून माणूस बोलला.

"कुत्री आवर..."

साधा आवाज होता. दिवसभर राबून दमलेल्या माणसाचा.

"अरे, कुत्री आवर ना..."

पत्र्याने टॉर्च धरला. आत पाठीच पाठी दिसल्या. एकीवर एक चढलेल्या, उसळणाऱ्या, ओल्या पाठी. त्यांच्या खालून एक हात वर आला. बोटं जाळीत अडकली. तीनच होती. मग हात मागे ओढला गेला.

मिरी किंचाळली.

"मिरी आहे ती! उघडा!" वहिनींनी त्याला गदगदा हलवलं. "उभे काय राहिलात?"

"त्या पिंजऱ्यात माणूस मेलाय," पत्र्या म्हणाला. "कुत्री धरणारा फासेवाला. गुंतलेला फास सोडवायला आत गेला, वाऱ्याने दार आपटलं. आत अकरा कुत्री होती. ड्रायव्हर झाडाखाली झोपला होता. संध्याकाळी उघडलं त्याने."

वहिनींनी त्याचा दंड सोडला.

"हे माहीत होतं? आणि तुम्ही माझी पोरं त्यात कोंडलीत?"

 पत्र्या उघड्या पायांनी गारांवरून धावत मागे गेला. कडी उचलली. दार उघडलं.

आत ढोल्या होता, मिरी होती. बस. दोघं कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून, थरथरत. दुसरं कोणी नाही. पत्र्याला वाटलं, सुटलो. "या बाहेर," म्हणाला. ती हलेनात. म्हणून वाकला, आत शिरला, आणि ढोल्याचा पट्टा धरला.

वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं.

दार आपटलं.

खट्.

वहिनी हातोडा घेऊन मागे आल्या तेव्हा आतून गाडी हिंदकळत होती. त्यांनी कडी उचलायला घेतली. उचलेना. पलीकडून कोणी लोंबकळत असावं तशी. आत पत्र्या ओरडत होता. आधी शब्द होते. मग नुसता आवाज. पिंजऱ्याच्या लोखंडावर धडका बसत होत्या. फाडल्याचा आवाज येत होता, कापड फाडल्याचा... मग कापड नसलेलं काहीतरी.

त्यांनी हातोडा घातला. एकदा. दोनदा. अंगठा ठेचला. तरी घातला. तोंडाने शिव्या चालू होत्या, देवाला, नवऱ्याला, त्या मेलेल्या माणसाला. "सोड! सोड मेल्या! माझी आहेत ती, सोड!"

सातव्या घावाला कडीची खीळ तुटली.

पत्र्या बाहेर पडला. ढोल्याला छातीशी धरून. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला, अर्धा कान नाही. मिरी आली नाही. वहिनींनी आत टॉर्च मारला.

आणि लगेच विझवला.

मामा थांबले.  धाकटीने हळूच चादर पायांखाली दाबून घेतली.

"पत्र्याला टाके पडले, सत्तेचाळीस," मामा म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, एका कुत्र्याचं काम नाही हे. रानकुत्री असतील. बरं, म्हटलं यांनी. पण तिथून दोघं ढोल्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. ती तरुण पोरगी होती, हुशार. तिने त्याच्या मानेवरचं रक्त धुतलं, केस भादरले, आणि हात थांबवला."

"तुम्ही दोघंच होतात?" तिने विचारलं.

"दोघंच."

"मग याला चावलं कोण?" ती बाजूला झाली. "हे सुळे नाहीत. सपाट दात आहेत हे. माणसाचे."

तिने पत्र्याकडे बघितलं. पत्र्याने तोंड उघडलं. आत नुसत्या हिरड्या. चार वर्षांपूर्वीच सगळे दात काढलेले त्याने. कवळी रात्रभर फळीजवळच्या पेल्यात पाण्यात होती. वहिनींनीच सकाळी उचलली.

मग तिने वहिनींकडे बघितलं. वहिनी कसल्या ऐकून घेणाऱ्या! बेसिनवरची साबणाची वडी उचलली, करकचून चावली आणि तिच्या हातात दिली. "घे बाई. जुळवून बघ."

पोरीने वडी जखमेजवळ धरली. वडीवरची रांग सलग होती. मानेवरच्या वरच्या रांगेत पुढचे दोन दात नव्हते.

"मग?" थोरल्या भाच्याने विचारलं. "ढोल्या... आहे अजून?"

"आहे. खातोपितो. वहिनींच्या पायाशी निजतो." मामांनी कूस बदलली. "मानेवर तेवढ्या जागेत केस येत नाहीत. मी बोट फिरवून बघितलंय. वर चार. खाली सहा."